पे-स्लिपवरचे ते २०० रुपये

पहिला पगार झाला की आपण आधी काय बघतो? खात्यात जमा झालेला आकडा. दुसऱ्याच मिनिटाला मनात येतं, अरे, ऑफर लेटरमध्ये तर जास्त लिहिलं होतं! मग एचआरनं मेल केलेली पे-स्लिप उघडली जाते. पीएफ कळतो, कारण घरात कुणी ना कुणी त्याबद्दल बोललेलं असतं. त्याच्याच आसपास ‘पीटी’ किंवा ‘प्रोफेशनल टॅक्स’ अशी एक ओळ असते. २०० रुपये. फेब्रुवारीत तीच ओळ ३०० ची होते. वर्षाचे २,५०० भरले की हिशेब मिटला.

आजकाल २०० रुपयांत मित्राबरोबरचा एक नाश्तासुद्धा धड होत नाही. त्यामुळे या ओळीकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. पण तुम्ही महाराष्ट्रात नोकरी करत असाल, तर ही ओळ एका दुष्काळातून तुमच्या पे-स्लिपवर आली आहे. तो दुष्काळ तुमच्या आजी-आजोबांनी पाहिलाय.

‘मेहनत केली की पैसा मिळतोच’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. ते खोटं नाही. पण अर्धंच आहे. उन्हात दहा तास खडी फोडणारी बाईही मेहनतच करते. तिच्या मेहनतीला किती पैसे मिळणार, हे तिच्या घामावर ठरत नाही. ते ठरतं नियमांवर. जमीन कुणाच्या नावावर, मजुरीचा दर काय, कर कुणी भरायचा, सरकारी पैसा कुठं खर्च व्हायचा, हे सगळे नियम. आणि नियम कुठं तयार होतात? जिथं ‘आपल्याला काय करायचंय, आपल्याला राजकारणात इंटरेस्ट नाही’ असं म्हणून आपण बघतच नाही, तिथं.

बहात्तरचा दुष्काळ

घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना नुसतं ‘बहात्तरचा दुष्काळ’ एवढंच म्हणून बघा. सुकडीची आठवण निघेल. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीची निघेल, तिच्या भाकरीची चव सांगताना तोंड वाकडं होईल. आणि खडी फोडायच्या कामाची निघेल. १९७०-७१ पासून लागोपाठ तीन वर्षं पावसानं दगा दिला होता. विहिरी आटल्या, जनावरं विकली गेली, गावंच्या गावं सरकारी कामांवर गेली. रस्ते, पाझर तलाव, बंडिंग, जे निघेल ते काम. मे १९७३ मध्ये या कामांवर राबणाऱ्यांची संख्या ५० लाखांच्या आसपास पोचली होती.

याच सुमाराला विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची एक कल्पना पुढे आली. पागे मूळचे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले. तिथल्या विसापूर भागात १९६५ मध्ये या कल्पनेचा छोटा प्रयोग झाला होता. कल्पना साधी होती. गावात जो अंगमेहनतीचं काम मागेल, त्याला सरकारनं काम द्यायचं. मेहरबानी म्हणून नाही, हक्क म्हणून. १९७७ मध्ये विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत दिलं नाही, तर सरकारनं बेकारी भत्ता द्यायचा, असं त्यात लिहिलेलं होतं. पुढे २००५ मध्ये केंद्रानं देशभरासाठी असाच कायदा केला.

पण पैसा आणायचा कुठून? इथं तुमच्या पे-स्लिपची एन्ट्री होते. १९७५ मध्ये राज्यानं व्यवसाय कराचा कायदा केला. शहरात पगार घेणाऱ्या, धंदा करणाऱ्या माणसानं थोडे पैसे द्यायचे आणि सरकारनं त्यात तेवढीच भर घालायची. त्यातून गावातल्या बिनजमिनीच्या माणसाला काम द्यायचं. मुंबईतल्या बँकेतल्या क्लार्कच्या पगारातून निघालेले पैसे बीडमधल्या, सोलापूरमधल्या मजुराच्या हातात जाण्याची वाट तयार झाली. ही वाट बाजारानं तयार केली नव्हती, दानधर्मानंही नाही. ती विधिमंडळात तयार झाली.

तिथं मेले, इथं वाचले

आता एक प्रश्न. दुष्काळ तर त्याआधीही पडत होते. मग बहात्तरला एवढी धावपळ का झाली?

तीस वर्षं मागे जाऊ. १९४३ चा बंगाल. युद्ध चालू आहे, राज्य इंग्रजांचं आहे. त्या दुष्काळात मेलेल्यांचा आकडा ३० लाखांपर्यंत सांगितला जातो. अमर्त्य सेन तेव्हा नऊ वर्षांचे होते, शांतिनिकेतनात राहत होते. उपाशी माणसांचे लोंढे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे अर्थशास्त्रज्ञ झाल्यावर त्यांनी त्या वर्षीच्या धान्याचे आकडे काढले. १९८१ मध्ये आलेल्या पुस्तकात त्यांनी दाखवलं, की बंगालमध्ये धान्य काही एवढं कमी पिकलं नव्हतं. भाव गगनाला भिडले होते. कोलकात्यातल्या लष्कराला आणि कारखान्यांना धान्य मिळेल याची सोय केलेली होती. शेतमजूर, मच्छीमार, गावातले छोटे कारागीर यांच्या हातात मात्र ते विकत घ्यायला पैसा नव्हता. धान्य होतं, पण त्यांच्या वाट्याचं नव्हतं.

आणि महत्त्वाचं म्हणजे, त्यांच्या मरणानं कुणाचीही खुर्ची जाणार नव्हती. दिल्लीतल्या व्हाइसरॉयला किंवा लंडनमधल्या मंत्र्याला बंगालच्या मजुराकडे मत मागायला जायचं नव्हतं.

बहात्तरच्या महाराष्ट्रात चित्र वेगळं होतं. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना आमदार जाब विचारत होते, आमदारांना गाव जाब विचारत होतं. वर्तमानपत्रं रोज बातम्या छापत होती. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे निघत होते. कामावरच्या मजुरांचेही मोर्चे निघत होते. सरकार दयाळू होतं की नव्हतं, हा मुद्दाच नाही. गप्प बसणं त्याला परवडणारं नव्हतं, हा मुद्दा आहे.

सेन यांचं म्हणणं पुढे जगभर गाजलं. निवडणुका होतात, विरोधी पक्ष असतात, वर्तमानपत्रं मोकळी असतात, अशा देशात मोठा भूकबळी दुष्काळ पडत नाही. याची दुसरी बाजू चीनमध्ये दिसते. तिथं १९५९ ते १९६१ या काळात कोट्यवधी माणसं उपासमारीनं मेली. ते सरकार तर गरिबांच्याच नावानं सत्तेवर आलेलं होतं. जमीनदारी संपवलेली होती. पण खालून ‘पीक आलेलं नाही’ म्हणायची सोय नव्हती, म्हणणारा शत्रू ठरत होता. सगळ्यांना सारखं वाटायचं म्हणणाऱ्या व्यवस्थेतसुद्धा, वाटणाऱ्याला प्रश्न विचारता येत नसेल तर ताट रिकामं राहू शकतं.

पण म्हणून लगेच कॉलर ताठ करायला नको. सेन यांनीच हेही सांगितलंय, की एकदम पडलेला दुष्काळ आपली लोकशाही रोखते, पण रोजची भूक तिला तेवढी दिसत नाही. दुष्काळाची बातमी होते. अर्धपोटी मूल ही रोजचीच गोष्ट असते, तिची बातमी होत नाही. मेळघाटातल्या कुपोषणाबद्दल आपण नव्वदच्या दशकापासून वाचतोय. म्हणजे मत असणं पुरेसं नाही. कुणाचा आवाज किती लांब पोचतो, यावरही बरंच ठरतं.

पेरायचंच नाही!

आता आणखी थोडं मागे आणि थोडं पश्चिमेला, कोकणात. कारण संपत्ती म्हटलं की आपल्याकडे अजूनही पहिली आठवते ती जमीन. आणि जमिनीचा नियम कसा बदलला, याची गोष्ट अलिबागच्या खारेपाटात घडली आहे. वीकेंडला अलिबागला जाताना तुम्ही त्या भागातून गेलाही असाल.

तेव्हा कोकणात खोती होती. खोत म्हणजे गावाचा सारा सरकारात भरायची जबाबदारी घेतलेला मधला माणूस. सरकारला ठरलेली रक्कम दिली, की बाकी कुळांकडून किती वसूल करायचं हे बरंचसं त्याच्याच हातात. कूळ म्हणजे प्रत्यक्ष जमीन कसणारा. भात पिकवायचं कुळानं, त्यातला मोठा हिस्सा न्यायचा खोतानं. वर त्याच्या घरी फुकट राबायचं ते वेगळंच.

२७ ऑक्टोबर १९३३ ला चरी गावात शेतकऱ्यांची सभा झाली. नेते होते नारायण नागू पाटील. ठरलं असं, की खोताची जमीन कसायचीच नाही. विचार करा, कारखान्यातल्या कामगारानं संप केला तर मालकाचं नुकसान होतं. शेतकऱ्यानं पेरणी केली नाही तर आधी त्याचीच चूल विझते. तरीही आसपासच्या गावांनी हा संप सहा वर्षं चालवला. मोळ्या विकून, मिळेल ती मजुरी करून लोकांनी दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला. १९३७ मध्ये ते मुंबई प्रांताच्या विधानसभेत निवडून गेले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर आला.

विधेयक मंजूर झालं नाही.

का झालं नसेल? त्या सभागृहाला मत देणारे कोण होते ते बघा. १९३५ च्या कायद्यानं सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार होते साधारण तीन-साडेतीन कोटी. मत हवं असेल तर सारा भरत असल्याची, करदाता किंवा मालमत्ताधारक असल्याची, नाहीतर शिक्षणाची अट. ज्याच्या नावावर काही नाही, त्याला मत नाही. ज्याला मत नाही, त्याच्या नावावर काही यावं यासाठी कायदा कोण करणार? चक्र पूर्ण! संपत्तीवाल्यांना मत आणि मतवाल्यांची संपत्ती.

हे चक्र फुटलं ते दोन ठिकाणी. आधी रस्त्यावर. चरीच्या संपानंतर १९३९ च्या कूळ कायद्यात ‘संरक्षित कूळ’ हा शब्द आला. आणि मग मतपेटीत. स्वातंत्र्यानंतर प्रत्येक सज्ञान माणसाला एक मत मिळालं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मतदार होते १७ कोटींच्या वर. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये आला, म्हणजे सगळ्यांना मत द्यायचं हे ठरत होतं त्याच काळात. १९४८ चा कूळ कायदा आला, १९५६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, त्यानं ती विकत घेतली असं कायद्यानं मानलं. किंमत ठरली साऱ्याच्या २० ते २०० पट, तीही हप्त्यांनी. मराठवाड्यात आणि विदर्भात यासाठी वेगळे कायदे होते.

तुमच्या घरी गावाकडची जमीन असेल तर जुने फेरफार काढून बघा. कुठंतरी ‘३२ ग’ किंवा ‘३२ म’ असं लिहिलेलं दिसलं, तर समजा की ही जमीन या कायद्यानं तुमच्या घरात आली. तुमच्या पणजोबांनी मेहनत केलीच असणार. पण त्यांच्याही वडिलांनी केली होती, तेवढीच. फरक मेहनतीत पडला नाही. नियमात पडला.

ज्यांना ताट मिळालंच नाही

इथं गोष्ट संपवली तर ती फारच गोड होईल. कारण नियम कुणासाठी बदलला हे जसं बघायचं, तसं कुणासाठी बदलला नाही, हेही बघावं लागतं.

पहिली गोष्ट, कायदा येतोय हे जमीनमालकांना दिसत होतं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी १९४८ च्या कायद्याची अंमलबजावणी गावागावांत जाऊन तपासली. कितीतरी ठिकाणी कुळांनी ‘स्वखुशीनं’ जमीन सोडून दिल्याच्या नोंदी सापडल्या. ज्या जमिनीवर पोट चालतं ती माणूस स्वखुशीनं सोडेल का, हे तुम्हीच ठरवा. कायदा मुंबईत होता, पण गावात पाटील, तलाठी आणि मालक होते. ज्या कुळाला लिहिता-वाचता येत होतं, ज्याला गावात चार माणसांचा आधार होता, तो टिकला. बाकीचे निसटले.

दुसरी गोष्ट, जमीन ‘कसेल त्याची’ झाली. पण कायद्याच्या भाषेत कसणारा म्हणजे कूळ. रोजंदारीवर जाणारा शेतमजूर त्यात नव्हता. त्यातले बहुतेक दलित, आदिवासी. त्यांच्यासाठी जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा १९६१ मध्ये आला. जास्तीची जमीन काढून भूमिहीनांना वाटायची असं ठरलं. पण अनेक मोठ्या घरांनी तोवर मुलं, भाऊ, पुतणे यांच्या नावावर कागदोपत्री वाटण्या करून घेतल्या होत्या.

रोजगार हमीतसुद्धा हेच बारीक चित्र दिसतं. मजुरानं खणलेल्या पाझर तलावाचं पाणी कुणाच्या विहिरीला लागलं? ज्याच्याकडे विहीर आणि जमीन होती त्याच्या. मजुराला मजुरी मिळाली, जी त्या वेळी जगण्यासाठी लाखमोलाची होती. जमीनवाल्याला पाणी मिळालं, जे दर वर्षी पीक देतं. एकाच योजनेतून एकाच्या हातात आठवड्याचा बाजार आला आणि दुसऱ्याच्या हातात भांडवल.

आणि तिसरी गोष्ट तुमच्या-आमच्या घरातली. सातबाऱ्यावर नाव कुणाचं लागलं? कसणाऱ्या पुरुषाचं. लावणी, खुरपणी, वेचणी करणाऱ्या बाईचं नाही. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला, तोही २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ मध्ये देशभर कायदा झाला आणि ती अट गेली. तरी २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशात बाईच्या नावावर चालणारी शेतीची खाती होती जेमतेम १४ टक्के. कायदा असून असं का? त्याचं उत्तर ‘हक्कसोड पत्र’ या दोन शब्दांत आहे. भावानं कागद पुढे करायचा आणि बहिणीनं सही करायची. केली नाही तर माहेर तुटणार, ही भीती. कागदावरचा नियम बदलला, घरातला नियम तसाच राहिला.

तुमच्या रिचार्जमधला कर

‘आम्ही शहरातले, आम्हाला कसली जमीन!’ असं म्हणत असाल, तर मोबाइल हातात घ्या. २९९ रुपयांचं रिचार्ज मारलंत तर त्यात साधारण ४५ रुपये जीएसटीचे असतात, १८ टक्क्यांच्या हिशेबानं. तेच रिचार्ज तुमच्या बिल्डिंगच्या वॉचमननं मारलं तरी ४५ रुपये. बिल्डिंगच्या मालकानं मारलं तरी ४५. वॉचमनच्या खिशाला ते जास्त लागतात, एवढाच फरक. वस्तू विकत घेताना लागणारा कर असाच असतो, तो खिसा बघत नाही. आयकर खिसा बघतो, कमाई जास्त तर दर जास्त. मग सरकारनं कुठल्या करावर जास्त भर द्यायचा? हा आकडेमोडीचा प्रश्न वाटतो, पण खरं तर तो ‘कुणाकडून घ्यायचं’ हा प्रश्न आहे.

आणि याची उत्तरं काळानुसार बदलत आली आहेत. १९७३-७४ मध्ये आपल्याकडे आयकराचा सगळ्यात वरचा दर अधिभारासकट ९७.७५ टक्के होता! शंभरातले सव्वादोन रुपये हातात. साहजिकच लोकांनी उत्पन्न लपवायच्या हजार वाटा शोधल्या. माणूस मेल्यावर त्याच्या मालमत्तेवर लागणारा मृत्युकर १९५३ मध्ये आला, १९८५ मध्ये गेला. संपत्ती कर १९५७ मध्ये आला, २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. वसुलीचा खटाटोप मोठा आणि हाती लागतं थोडं, असं कारण सांगितलं गेलं, आणि त्यात तथ्यही होतं. पण परिणाम बघा. आज तुम्ही बारा-बारा तास काम करून मोठा पगार मिळवलात, तर त्यावर कर आहे. तुमच्या मित्राला आजोबांकडून मुंबईत तीन फ्लॅट मिळाले, तर ते मिळाल्याबद्दल वारसा कर शून्य. जपानमध्ये अशा वारशावर वरचा दर ५५ टक्के आहे. कुठलं बरोबर यावर कट्ट्यावर तासभर भांडता येईल, भांडाच. पण दोन्ही देशांनी वेगवेगळा नियम निवडलाय, तो आकाशातून पडलेला नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

आता परत त्या २०० रुपयांकडे बघा. राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये या कराला कमाल मर्यादा आहे, वर्षाला २,५०० रुपये. म्हणजे महिना १२ हजार कमावणारा कुरिअर कंपनीतला मुलगा वर्षाला २,५०० भरतो आणि महिना १२ लाख घेणारा त्याच्या कंपनीचा सीईओसुद्धा २,५०० च भरतो. मुलाच्या कमाईचा तो पावणेदोन टक्के, साहेबांच्या कमाईचा जेमतेम पाव टक्क्याचा पंधरावा भाग. गरिबासाठी सुरू झालेला कर, पण त्याचं वजन खालच्या पगारावरच जास्त. त्यात एक छोटा बदल झाला. महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना २०२३ पासून हा कर माफ आहे. हा बदलही कुणीतरी विधिमंडळात मांडला, म्हणून झाला.

खुर्चीत कोण बसतं?

‘सगळे सारखेच, कुणीही आलं तरी काय फरक पडतो?’ हा तर आपला राष्ट्रीय डायलॉग. फरक पडतो, आणि तो मोजलाही गेलाय. १९९३ पासून पंचायतींमध्ये एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव झाल्या. कुठल्या गावाचं प्रमुखपद राखीव, हे आळीपाळीनं ठरत होतं. त्यामुळे तुलना करायला आयती संधी मिळाली. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानमधल्या पंचायतींचा अभ्यास करून २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. जिथं बाई प्रमुख होती, तिथं पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं दिसलं. कारण पाणी भरायचं काम कुणाचं? गावाचा पैसा तोच, अधिकार तेच. खुर्चीतलं माणूस बदललं आणि पैसा नळाकडे वळला. महाराष्ट्रात आता स्थानिक संस्थांत बायकांना ५० टक्के जागा राखीव आहेत. तुमच्या गावच्या सरपंचबाई स्वतः निर्णय घेतात की त्यांच्या नावानं ‘सरपंचपती’ घेतात, हे मात्र तुम्हालाच बघावं लागेल.

निवडणुका जवळ आल्या की योजनांचा पाऊस पडतो, हेही आपण बघतोच. २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या काही महिने आधी ‘लाडकी बहीण’ योजना आली, महिन्याला १,५०० रुपये. यावर आपल्या ग्रुपवर दोनच मतं असतात. एक म्हणतं ‘आमच्या टॅक्सच्या पैशांची उधळपट्टी’, दुसरं म्हणतं ‘गरीब बाईला मिळाले तर तुमचं काय जातं?’ यापेक्षा कामाचा प्रश्न वेगळा आहे. हे पैसे हक्क म्हणून मिळतात की योजना म्हणून? योजनेच्या अटी सरकारी आदेशानं बदलतात, यादीतली नावं कमी-जास्त होतात. रोजगार हमी हा कायदा होता. तिथं बाई म्हणू शकत होती, ‘काम द्या, नाहीतर भत्ता द्या, असं कायद्यात लिहिलंय.’ एकीत घेणारी बाई वाट बघते, दुसरीत ती मागू शकते. तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा, पुढची कुठलीही घोषणा ऐकताना एवढं विचारून बघा.

मग आपण करायचं काय?

लगेच निवडणुकीला उभे राहा, असं कुणी म्हणत नाहीये. घरापासून सुरुवात करता येईल. पे-स्लिप, सातबारा, लाइट बिल, रेशन कार्ड, आईच्या बँकेतलं अनुदान, यातला कुठलाही एक कागद घ्या आणि दोन प्रश्न विचारा. हा नियम कधी आणि कुणी केला? आणि तो करताना तिथं कोण नव्हतं? पहिल्याचं उत्तर नेटवर सापडतं. दुसऱ्यासाठी घरच्यांशी, कामवाल्या मावशींशी, गावाकडच्या काकांशी बोलावं लागतं.

मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येतो. बातम्यांमध्ये ‘काय स्वस्त, काय महाग’ एवढंच ऐकून चॅनेल बदलू नका. तुमच्या जिल्ह्याला, तुमच्या शिष्यवृत्तीला, तुमच्या गावच्या रस्त्याला काय मिळालं ते शोधा. मिळालेलं खर्च झालं का, हे माहिती अधिकारात १० रुपयांत विचारता येतं. वयाची अठरा वर्षं पूर्ण झाली आणि गावच्या मतदार यादीत नाव असलं, की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात, वेगळा फॉर्म भरावा लागत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवायची प्रथा आहे. यातल्या एखाद्या तारखेला गावी असाल तर झेंडावंदन झाल्यावर लगेच घरी पळू नका. मागे बसा, पण बसा. कुणाचं नाव घरकुलाच्या यादीत येतं आणि कुणाचं कटतं, हे तिथं उघड्या डोळ्यांनी दिसतं.

आणि घरात कधी जमिनीचा कागद निघाला, ताईपुढे हक्कसोड पत्र ठेवलं गेलं, तर तिला सही करायची आहे का, हे सगळ्यांच्या देखत विचारा. ती ‘नको’ म्हणाली, तर तिच्या बाजूला बसा. चरीच्या शेतकऱ्यांना सहा वर्षं लागली होती. तुम्हाला घरातली एक संध्याकाळ अवघड जाईल.